डिकीतलं पातेलं

ॲरिझोनातल्या चँडलरला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत बेल वाजली आणि मी सरळ जाऊन दार उघडलं, असं एकदाही झालेलं नाही. आधी फोनवर कॅमेऱ्यात बघते. खोकं ठेवून जाणारा असेल तर तो गाडीत बसून निघून जाईपर्यंत थांबते. माणूस अनोळखी असेल आणि त्याच्या हातात कागद असेल तर दार उघडतच नाही. नवरा हसतो. "यार, सोलर पॅनल विकायला आलाय तो," म्हणतो. त्याला हसायला काय जातंय? घरातली सगळी भीती मी एकटी सांभाळते, त्याच्या वाट्याला काही उरतच नाही.

भीती नेमकी कशाची, हे मला एका दमात सांगता येणार नाही. आम्ही कुणाचं काही बुडवलेलं नाही. सिग्नल पाळतो, कचऱ्याचे डबे मंगळवारी सकाळी बाहेर काढतो आणि संध्याकाळच्या आत पुन्हा आत घेतो. पण आम्ही दोघंही अजून व्हिसावर आहोत. ग्रीन कार्डाच्या रांगेत आपला नंबर कधी लागेल, हे विचारणं आम्ही कधीच सोडून दिलं. दर काही वर्षांनी मुदत वाढवायचा अर्ज जातो, आणि तो मंजूर होईपर्यंत मी अंग चोरून जगते. कुठे आपलं नाव लिहिलं जाऊ नये, कुठल्या फाइलीत आपला उल्लेख येऊ नये, एवढंच.

त्यात आपल्या लोकांच्या पॉटलकमधल्या, म्हणजे डबे घेऊन जमायच्या जेवणांतल्या, गोष्टी. कुणाच्या तरी बाळाच्या पाठीवर निळसर जन्मखूण होती, आपल्याकडच्या बऱ्याच बाळांना असते तशी. डेकेअरमध्ये ती माराची खूण वाटली आणि दुसऱ्या दिवशी घरी सरकारी माणसं हजर. कुणाच्या तरी सासऱ्यांनी नातवाला दोन मिनिटं गाडीत ठेवलं आणि दुकानात दूध आणायला गेले, बाहेर येतात तो पोलीस. ही 'कुणाची तरी' माणसं मला आजवर भेटलेली नाहीत. तरी माझी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या कमरेवरच्या निळ्या डागाबद्दल मी डॉक्टरांकडून लेखी कागद घेतला आणि त्याच्या तीन प्रती काढल्या. एक अजूनही गाडीत असते.

माझी नोकरी चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहे. काम धूळ पकडण्याचं. आम्ही पांढरा सूट चढवून आत जातो, फक्त डोळे उघडे. पावडर नाही, लिपस्टिक नाही, अत्तर नाही. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही असा एखादा कण कुठून आला, कुणाच्या बाहीवरून आला, कुठल्या नळीतून आला, हे शोधून काढणं हे माझं काम. मी त्यात चांगली आहे. वर्षाच्या शेवटी तसं लिहूनही देतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं ते अशा बाईच्या घरात झालं.

बाळ होणार हे कळल्यावर आमची एक भारताची फेरी झाली. त्या दिवसांत मी फोनवर सारखे तेच व्हिडिओ बघायची: नॉनस्टिक वाईट, प्लास्टिक वाईट, आपले पूर्वज पितळेत शिजवायचे आणि शंभर वर्षं जगायचे. पूर्वज किती जगले कुणी मोजलंय? पण मी भारावले होते. पुण्यात एका जुन्या भांड्यांच्या दुकानातून मी एक पितळी पातेलं घेतलं. जाड, जड, काठ वळवलेलं. नवरा म्हणाला, "अगं, तिकडे टार्गेटच्या दुकानात स्टीलचं मिळतं." मी बॅगेतून चिवडा काढला आणि पातेलं भरलं. दुकानदार ते गुंडाळताना कल्हईबद्दल काहीतरी सांगत होता. मी घाईत होते, हो हो म्हणून मान डोलावली.

कल्हई हा शब्द मला ठाऊक होता, पण माझं बालपण स्टीलमध्ये गेलं. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात, तो उडाला की पुन्हा चढवून घ्यावा लागतो, आणि तो असल्याशिवाय त्यात रांधायचं नाही, हे मला कुणी दाखवलेलं नव्हतं. पातेल्याच्या आतला पांढरट, करडा, मधेमधे काळपट पडलेला थर बघितला आणि मला तो मळ वाटला. मळ दिसला की मी गप्प बसत नाही. लिंबू, मीठ आणि तारेची घासणी घेऊन दर रविवारी मी तो घासायला लागले. दोनएक महिन्यांत आतून सोनं निघावं तसं पिवळंधमक पितळ निघालं. त्याचा फोटो मी इथल्या मराठी आयांच्या ग्रुपवर टाकला. चाळीस जणींनी बदाम पाठवले. एकीलाही काही खटकलं नाही, आम्ही सगळ्याच स्टीलमधल्या.

सासूबाई फेब्रुवारीत आल्या. नागपूरच्या. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. इंग्रजी त्यांना सगळं समजतं, बोलायची वेळ आली की मात्र माझ्याकडे बघतात. येताना त्यांनी पांढऱ्या दगडाची एक लहानशी बुद्धमूर्ती आणली होती. ती दिवाणखान्यात ठेवून त्या रोज सकाळी तिच्यासमोर वंदना म्हणायच्या, आणि नात त्यांच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवायची. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पातेलं उचललं, आत बघितलं, बोट फिरवलं.

"याची कल्हई गेली ना," त्या म्हणाल्या. "याच्यात आंबट नको शिजवू बेटा. कळकते. पोट बिघडते."

"आई, इथे कल्हईवाला कुठून आणू? ॲमेझॉनवर मागवू का?" मी म्हणाले आणि हसले. त्यासुद्धा थोडं हसल्या. त्यांनी स्वतः त्या पातेल्यात कधी काही केलं नाही. सगळं स्टीलच्या कुकरमध्ये. मला वाटलं, सुनेची वस्तू वापरायची नाही हा जुना खाक्या. मी मुद्दाम रोज संध्याकाळी मुलीचं वरण त्यातच शिजवायला लागले. टोमॅटो, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. आमच्या बाईसाहेबांना आंबट भारी आवडायचं. वाटी चाटून पुसून रिकामी करायची.

सासूबाईंबरोबर काजळाची डबीही आली होती. चांदीची, अंगठ्याच्या नखाएवढ्या झाकणाची. एरंडेलाच्या दिव्यावर ताटली उपडी धरून जमवलेली काजळी त्यांनी नागपुरात घरच्या तुपात कालवली होती. अंघोळ झाली की नातीच्या डोळ्यांत काजळाची रेघ आणि गालावर तीट. मी पहिल्याच आठवड्यात म्हणाले, डॉक्टर नको म्हणतात. त्या म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्यालेही लावलं ना, आंधळा झाला का?" नवरा तेवढ्यात फोन आल्याचं सोंग करून गॅरेजमध्ये गेला.

एप्रिलमध्ये पहिल्या वाढदिवसाची तपासणी झाली. बोटाला टोचून रक्ताचे दोन थेंब घेतले. आठवड्याने मला कारखान्याच्या पार्किंगमध्ये फोन आला. मी नुकती गाडीत बसले होते, स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता इतकं तापलं होतं. नर्स म्हणाली, मुलीच्या रक्तात शिसं आहे, चालतं त्यापेक्षा जास्त. घाबरू नका, दंडातून रक्त घेऊन पुन्हा बघू. पुन्हा बघितलं. आकडा तोच. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या की एवढ्या लहान वयात शिसं मेंदूला बरं नाही, कुठून येतंय ते शोधायला हवं. लोह आणि क जीवनसत्त्व असलेलं द्या, पालक, डाळ, लिंबू, टोमॅटो. आणि नियमाप्रमाणे मी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याला कळवलंय, त्यांची माणसं घरी येतील.

मेंदू हा शब्द ऐकल्यावर मला दुसरं काही सुचायला नको होतं. पण खोटं कशाला बोलू? डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना माझ्या कानात जास्त जोरात वाजत होते ते शेवटचे शब्द. माणसं घरी येतील.

त्या संध्याकाळी मी घरी आले आणि चप्पलसुद्धा न काढता सासूबाईंसमोर उभी राहिले. काजळाची डबी मागितली. त्या नातीला घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "माझ्या लेकीच्या डोळ्यांत तुम्ही रोज विष घालताय." हे वाक्य मी जसंच्या तसं म्हणाले. नवरा मागून म्हणाला, "अगं, हळू." सासूबाईंनी कनवटीची डबी काढून माझ्या हातावर ठेवली. मुलगी माझ्याकडे दिली. मग आत जाऊन त्यांनी हात धुतले. किती तरी वेळ नळ चालू होता.

चार दिवसांनी काउंटीचा फोन आला. एक बाई होती, आवाज गोड, बोलणं सावकाश. घर कधी बांधलंय, घरात कुणी धातूचं काम करतं का, परदेशातून आणलेले मसाले, सौंदर्यप्रसाधनं, भांडी, दागिने? प्रत्येक प्रश्नाला मी नो म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. त्या वेळी आमचा मुदतवाढीचा अर्ज अडकलेला होता. मला दिसत होतं ते एवढंच की कुठल्यातरी फॉर्मवर कुणीतरी लिहितंय, पालकांनी मुलीला विषबाधा केली. मग तो फॉर्म एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जातोय. मग आमच्या दाराशी कॅमेऱ्यात दोन माणसं, आणि त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची.

भेटीचा दिवस मे महिन्यातला होता. सकाळी मी घर रिकामं करायला लागले. नागपूरची हळद, तिखटाचा डबा, गोडा मसाला, काजळाची डबी. भारतातून आलेलं जे जे हाताला लागलं ते एका बास्केटमध्ये भरलं. पितळी पातेलंही भरलं. त्याचा मला काडीचाही संशय नव्हता. फोनवर तिने भांडी म्हटलं होतं आणि मी नाही म्हणून बसले होते, म्हणून ते दिसायला नको, एवढाच विचार. बास्केट गाडीच्या डिकीत टाकली, वर चादर घातली आणि गाडी दोन गल्ल्या पलीकडे पार्कजवळ उभी करून आले. सासूबाई बघत होत्या. "काय करून राहिली तू?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आई, तुम्ही फक्त काही बोलू नका."

बाई पन्नाशीची होती, सनस्क्रीनचा वास येणारी. न सांगता तिने बूट काढून दाराशी ठेवले. बरोबर एक तरुण मुलगी, तिच्या हातात ड्रिलसारखं एक यंत्र. ते जिथे टेकवायचं तिथे शिसं आहे का ते सांगतं. भिंत, खिडकीची चौकट, खेळणी, पाळणा, बुद्धमूर्ती, सगळ्याला ते टेकवून झालं. मूर्तीला हात लावायच्या आधी त्या बाईने सासूबाईंकडे बघितलं, चालेल का म्हणून. सासूबाईंनी मान हलवली. कुठेच काही निघालं नाही. मी सोफ्याच्या कडेवर बसले होते आणि घामाने पाठ भिजली होती, एसी चालू असून.

मग ती बाई म्हणाली, "आजी बाळाच्या डोळ्यांत काही घालतात का?" मी मराठीत सासूबाईंना म्हणाले, "त्या विचारतायत, तुम्ही किती दिवस राहणार." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना प्रश्न नीट कळला होता, तीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई ती. बाईने पुन्हा हळूच, थेट त्यांनाच विचारलं, "काजल?" सासूबाईंचा चेहरा क्षणभर उजळला. आपल्या ओळखीचं काहीतरी कुणीतरी या देशात म्हणालं की माणसाचं होतं तसं झालं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "नो मॅडम." माझ्या घरात येऊन त्या इंग्रजीत बोललेलं हे पहिलं वाक्य.

बाई चहा पिऊन गेली. जाताना म्हणाली, काही आठवलं तर फोन करा. मी दार लावलं आणि दाराला टेकून उभी राहिले. वाचलो, असं मनात आलं. नक्की हेच शब्द. दुपारी गाडी परत आणली, हळद, मसाले, पातेलं पुन्हा ओट्यावर आलं. काजळाची डबी तेवढी डिकीतच राहू दिली. चोर सापडला होता, शिक्षाही झाली होती.

त्यानंतर सासूबाई बदलल्या. भांडल्या नाहीत, रुसल्याही नाहीत. नातीला उचलण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायला लागल्या. भरवणं त्यांनी सोडलं. तिने आज्जी आज्जी करून हात पसरले की माझ्याकडे एकदा बघायच्या आणि मग घ्यायच्या. मला ते दिसत होतं. मला वाटलं, काही दिवसांनी विसरतील. मी माझ्या नादात होते. डॉक्टरांनी सांगितलं तसं लेकीला लोह आणि क देत होते. वरणात पालक घालायला लागले, टोमॅटो दुप्पट केले, वरून अख्खं लिंबू. रोज संध्याकाळी पातेलं पिवळंधमक घासून त्यात शिजवायचं आणि वाटी भरून भरवायचं. एक दिवस चुकवला नाही. सुट्टीच्या दिवशी दोनदा.

जुलैत पुन्हा रक्त घेतलं. नवरा, मी आणि सासूबाई, तिघेही जेवणाच्या टेबलाशी होतो तेव्हा फोन आला, म्हणून मी स्पीकरवर घेतला. आकडा उतरायला हवा होता, तो चढला होता. बराच चढला होता. नर्स म्हणाली, उद्या सकाळी या. फोन बंद झाला. मुलगी उंच खुर्चीत बसून चमचा आपटत होती. मी तिच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, आत्ता, या क्षणाला, तिच्या डोक्यात काहीतरी होतंय आणि मला ते दिसत नाहीये. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. इमिग्रेशनच्या खिडकीपुढेसुद्धा नाही.

सासूबाई म्हणाल्या, "काजळ तर मे महिन्यापासून बंद आहे ना."

एवढंच. त्यात टोमणा नव्हता, मी शोधून पाहिला. त्या उठल्या आणि ओट्यापाशी गेल्या. हळदीचा डबा आणून टेबलावर ठेवला. तिखटाचा ठेवला. मग पातेलं आणलं. त्यात कालचं थोडं वरण होतं, कडेला हिरवट रेघ आली होती. ते त्यांनी सिंकमध्ये ओतलं, पातेलं टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे कल्हईवाला गल्लीत यायचा. भाता लावून बसायचा. कल्हई गेलेल्या भांड्यात माझी आई पाणीसुद्धा तापवत नव्हती. का म्हणून, ते काही माहीत नाही मले. त्या बाईले फोन कर."

"आई, मी तिच्याशी खोटं बोललेय," मी म्हणाले. "सरकारी माणसाशी."

"मीही बोलली," त्या म्हणाल्या. "कर फोन."

नवऱ्याने फोन माझ्यापुढे सरकवला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी लावला. व्हॉइसमेलवर मी काय बोलले ते मला आठवत नाही, नवरा म्हणतो की मी तीन वेळा सॉरी म्हणाले आणि नंबर द्यायचा राहून गेला.

दोन दिवसांनी ती बाई एकटीच आली. कॅमेरा न बघता मी दार उघडलं. टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं, डिकीतली काजळाची डबीसुद्धा. अॅरिझोनाच्या उन्हात दोन महिने राहून तूप विरघळलं होतं आणि डबीच्या बाहेर काळा ओघळ आला होता. तिने यंत्र आधी त्या डबीला टेकवलं. झाकण उघडून आतही. काही नाही. हळद, काही नाही. तिखट, काही नाही. मग पातेल्याच्या तळाला. यंत्राने आवाज केला. तिने जागा बदलून पुन्हा टेकवलं, मग काठाला, मग पुन्हा तळाला. चार वेळा.

"यात काय शिजवता?"

"वरण. डाळ. टोमॅटो आणि लिंबू घालून."

"कुणासाठी?"

मी मुलीकडे बोट दाखवलं.

"मी मागे आले होते तेव्हा हे घरात होतं?"

हाच प्रश्न. दोन महिने या एका प्रश्नाला मी घाबरत होते, आणि तो आला तेव्हा कशाची भीती वाटत होती तेच मला आठवेना. "माझ्या गाडीच्या डिकीत होतं," मी म्हणाले. "मी लपवलं होतं. मला वाटलं, तुम्ही हिला घेऊन जाल."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी भांडी घेऊन जाते, मुलं नाही," आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग विचारलं, त्या भेटीनंतर यात किती दिवस शिजवलं? मी म्हणाले, रोज. तिने रोज असं लिहिलं. म्हणाली, या पितळेतच शिसं मिसळलेलं आहे, आंबट शिजवलं की ते अन्नात उतरतं. तिने ते पातेलं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, चिकटपट्टी लावली, माझी सही घेतली. सही करताना मी पिशवीवरचं काही वाचलंसुद्धा नाही. मी, जी पार्किंगची पावतीही दोनदा वाचते.

नवल म्हणजे आमच्यावर काहीच कारवाई झाली नाही. कुणी आलं नाही, कुठली चौकशी नाही, मुदतवाढही सप्टेंबरात मुकाट्याने मंजूर झाली. जे होणार म्हणून मी सगळं लपवलं ते झालंच नसतं. जे व्हायला नको होतं ते मी दोन महिने, चमच्याचमच्याने, स्वतःच्या हाताने केलं. आकडा आता उतरतोय, हळूहळू. डॉक्टर म्हणतात, बहुतेक काही राहणार नाही. बहुतेक. ती एखादा शब्द उशिरा बोलली, हट्टाने जमिनीवर लोळली, नाव घेऊन हाक मारल्यावर वळली नाही, की मला त्या पातेल्याचा पिवळा तळ दिसतो. शेजारच्यांची मुलंही लोळतात. पण शेजारच्यांना त्यात काही दिसत नाही.

सासूबाईंची माफी मी मागितली. नीट, समोर बसून, नवऱ्यासमोर. त्या म्हणाल्या, "जाऊ दे ना बाप्पा, तू आई आहेस. घाबरतेच माणूस." आणि विषय बदलून पालकाची भाजी निवडायला घेतली. भरवायला मात्र त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही. मी वाटी त्यांच्या हातात दिली तर म्हणायच्या, तूच भरव, तुझ्या हाताने ती नीट खाते.

ऑगस्टात त्यांचा मुक्काम संपला. फीनिक्सच्या विमानतळावर आम्ही सगळे आत गेलो. सुरक्षा तपासणीच्या रांगेआधी त्या थांबल्या आणि पर्स उघडली. मला वाटलं पासपोर्ट बघतायत. त्यांनी ती चांदीची डबी काढली. पुसून स्वच्छ केलेली. झाकण उघडलं, करंगळी टेकवली आणि हात मधेच थांबवला.

"लावू का?" त्यांनी मला विचारलं.

तो आवाज मी ओळखला. इमिग्रेशनच्या खिडकीपलीकडच्या माणसाशी मी तसंच बोलते. शब्द कमी, नजर खाली, नाही म्हटलं तर लगेच मागे सरायच्या तयारीत. सहा महिन्यांपूर्वी माझ्याशी ठणकावून बोलणाऱ्या बाईला मी हे शिकवलं होतं.

"लावा ना आई," मी म्हणाले. "गालावर लावा. मोठी लावा."

त्यांनी नातीचं डोकं हलकेच वळवलं आणि तीट कानामागे लावली, केसांच्या आत.

"इथं बरी," त्या म्हणाल्या. "कोणाले दिसणार नाही."

मग डबी बंद करून पर्समध्ये ठेवली आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.